नऊ नंबरचं माणूस

तुम्ही मला मुद्रणदोष म्हणालात.

तोंडावर नव्हे. तोंडावर बोलायला तुम्ही मला ओळखत नाही. जुन्या रहस्यकथा नव्याने छापायला जे मंडळ नेमलंय त्याचे तुम्ही प्रमुख, म्हणून पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात तुम्ही एक टीप टाकलीत आणि त्या टिपेत एक जिवंत बाई खरवडून काढलीत. टिपेत काय होतं ते मी शेवटी सांगणार आहे. तुम्ही रहस्यकथांचे जाणकार, शेवट आधी फोडला तर तुम्हालाच राग येईल. आधी खून बघा.

खुनी बाई होती. हे मला एका बुधवारी सकाळी कळलं आणि मी ओरडले, "चाचा, मशीन थांबवा. फर्मा खाली घ्या."

मशीन चालवणाऱ्या इब्राहिमचाचांनी पट्टा ढकलला. मशीन दोन उचक्या देऊन गप्प झालं.

"बोट गेलं काय?"

"बोट नाही. मामेभाऊ गेला."

"कुणाचा?"

"सर अँब्रोजचा. तो मामेभाऊ नाहीच, चाचा. बाई आहे ती."

चाचांनी सावकाश हात पुसले. "बाई असू दे नाहीतर बुवा. मारलं बटलरनं. मी पहिल्या फर्म्यालाच सांगून ठेवलंय."

साल एकोणीसशे त्र्याहत्तर, गाव मिरज, कुडचे अण्णांचा छापखाना. मी तिथे नऊ वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होते. सातवी झालेली. इंग्रजी शिकले ती दवाखान्याचे फॉर्म आणि औषधांच्या बाटल्यांची लेबलं जुळवून, आणि एका डिक्शनरीवरून, जिची पहिली साठ पानं उंदरांनी खाल्ली होती. उंदरांना 'ए' आणि 'बी' गोड लागलं, माझं शिक्षण 'सी'पासून सुरू झालं.

त्या वर्षी अण्णांनी एक इंग्रजी खुनाची कादंबरी मराठीत काढायला घेतली होती. बर्फात अडकलेला चाळीस खोल्यांचा बंगला, विंटरकोट त्याचं नाव. मालक सर अँब्रोज लायब्ररीत मरून पडलेला, पाठीत कागद कापायची सुरी. घरात सात माणसं, बाहेर जायला वाट नाही. रूपांतर करणारे शांतवन रणभिसे, मिशनच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले मास्तर. भाषा सुंदर. पण पहिल्याच प्रकरणात त्यांनी 'सर अँब्रोज वाचनालयात मृतावस्थेत आढळले' असं लिहून आणलं होतं.

"सर," मी विचारलं होतं, "एवढ्या बर्फात हे वाचनालयात कशाला गेले? पेपर वाचायला?"

मास्तरांनी कागदावरचं 'वाचनालयात' खोडलं. मग खुर्ची ओढून माझ्या केसजवळ बसले, केस म्हणजे खिळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा खोका. तेव्हापासून प्रत्येक प्रकरण आधी मला वाचून दाखवायचे.

त्यांची एक खोड होती. पुस्तकाचा शेवट त्यांना आधी वाचायचा नव्हता. "आयुष्यभर मुलांना धडा आधी वाचून शिकवला," म्हणायचे, "आता मला मजा घेऊ दे." म्हणून त्यांनी ती कादंबरी प्रकरणाप्रकरणाने फाडली, एक तुकडा स्वतःकडे ठेवला आणि बाकीचा गठ्ठा सुतळीने बांधून माझ्या हवाली केला. "मी मागितला तरी देऊ नकोस." आठवड्याला एक तुकडा, मी मोजून द्यायची. असं रूपांतर जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि करूही नये.

त्या बुधवारी अण्णांनी विचारलं, पुस्तक किती पानांचं होईल, म्हणून मी सुतळी सोडली. पानं मोजता मोजता शेवटच्या प्रकरणावर डोळा पडला.

आता अडचण समजून घ्या. मेलेल्या माणसाने खुनाच्या दिवशी वकिलाला फोन केलेला असतो आणि दाराआड बटलर ऐकत असतो. सर अँब्रोज म्हणतो, माझा कझिन आज येतोय, त्याला तोंडावर सांगणार, तुला छदामही मिळणार नाही. सगळं पुस्तक या एका वाक्यावर उभं आहे. या सात जणांत तो कझिन कोण? पोलीस मिशीवाल्या कप्तानासकट तीन पुरुषांच्या मागे दोनशे पानं धावतात. आणि शेवटी कझिन निघते मिस पेल, म्हाताऱ्या आंधळ्या मालकिणीला पत्रं वाचून दाखवायला त्याच दिवशी नोकरीला आलेली. इंग्रजीत कझिन हा ना बाप्या ना बाई, आणि त्या वाक्यात ना 'ही' होतं ना 'शी'. ना मामाकडचा ना आत्याकडचा. लेखिकेने त्या शब्दात खुनी लपवली होती. आणि मास्तरांनी, पुढचं न वाचता, बिनधास्त लिहिलं होतं: 'माझा मामेभाऊ आज येतोय.'

पान एकतीस. ते पान फर्म्यात, म्हणजे आवळलेल्या चौकटीत, मशीनवर चढलेलं, बारा ताव छापूनही झालेले.

अण्णा आले. मी सांगितलं. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मामेबहीण कर की. एका शब्दाचं काम."

"घरात बायका दोनच आहेत, अण्णा. एक ऐंशीची, आंधळी. मामेबहीण म्हटलं की एकतिसाव्या पानावर पुस्तक संपलं."

"मग राहू दे मामेभाऊ. शेवटी म्हणायचं, तो वेष बदललेली बाई होती."

"मग लोक पुस्तक आणून तुमच्या तोंडावर मारतील."

दुसरी कुणी असती तर त्या दिवशीच घरी गेली असती. पण अण्णांना माझा हात माहीत होता. ते म्हणाले, "सोमवारपासून मशीन शाळांच्या प्रश्नपत्रिकांना दिलंय. हा फर्मा शुक्रवारी बाराला चालू झालाच पाहिजे. तोवर वाक्य आण. मास्तरांकडनं आण, नाहीतर देवाकडनं."

"आणलं तर?"

"तर काय?"

"माझं नाव घाला आत. मास्तरांच्या खाली."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. कारण माझं नाव त्या छापखान्यात याआधी एकदा छापलं गेलं होतं. गावातलं साप्ताहिक आमच्याकडेच निघायचं. त्यात माझ्या नवऱ्याने जाहीर नोटीस दिली होती: माझी बायको मंजुळा माझ्या सांगण्याबाहेर गेली आहे, तिच्याशी कोणी व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार नाही. अण्णांनी तो कागद लपवायचा प्रयत्न केला होता. मी हातातून काढून घेतला आणि स्वतः जुळवला. एक वेलांटी चुकू दिली नाही.

"बसलं वाक्य तर घालतो," अण्णा म्हणाले. "शुक्रवार, बारा. एक मिनिट इकडं तिकडं नाही."

मास्तर तेव्हा दवाखान्यात होते, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. खाट नंबर नऊ. गुरुवारी सकाळी मी प्रूफ घेऊन गेले.

"मिस पेल?" मास्तर उशीवरून उठून बसले. "ती पेज पिते आणि पत्रं वाचते ती?"

"तीच."

"अगं, मी तिला पाचव्या प्रकरणात 'बिचारी' असं विशेषण माझ्या पदरचं दिलंय." मग त्यांचा चेहरा असा फुलला की बाजूच्या खाटेवरचा माणूस बघायला लागला. "फसवलं बाईनं. काय फसवलंय."

"सर, मजा नंतर घ्या. वाक्य द्या."

आम्ही बसलो. नातेवाईक घालून बघितलं. नातेवाईक येतोय म्हटलं की बुवा, येतेय म्हटलं की बाई.

"येत आहेत?" मास्तर म्हणाले.

"किती जण? वऱ्हाड उतरल्यागत वाटतंय."

"पाहुणा?"

"पाहुण्याला कोण मृत्युपत्रातनं काढतं?"

"तसंच कझिन ठेवलं तर?"

"येतोय का येतेय?"

मास्तरांनी पेन्सिल आपटली. "मराठी क्रियापद चहाडखोर आहे. कुणाचं काही पोटात ठेवत नाही." मग त्यांचे डोळे चमकले. "तुमच्याकडच्या बाया 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात ना? मिस पेलला कोल्हापूरची करू. तार पाठवेल, मी येतो. कुणाला कळणार?"

आणि स्वतःच हसून पोट धरून कळवळले.

खोटं नाही ते. आमच्या भागात बाया तशाच बोलतात, मी पण. हे लिहिताना मी सुधारून लिहितेय, तुमच्यासाठी. निघताना सवयीने म्हणाले, "बरं सर, येतो मी," आणि मास्तर खाटेवरून बोट दाखवत म्हणाले, "बघ. तूच खुनी."

वाक्य मात्र मिळालं नाही.

शुक्रवारी साडेदहाला मी पुन्हा दवाखान्यात. अकराला ऑपरेशन. मास्तरांना हिरवा झगा घालून चाकाच्या खाटेवर आत नेलेलं, त्यांचा चष्मा काढून घेतलेला. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बोळात बाकांवर, जमिनीवर, जिथेतिथे लोक. कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या हातात थर्मास. मी भिंतीला टेकून ते प्रूफ उलगडून बसलेले. डोक्यात एकच चरक: येतोय, येतेय, येतोय, येतेय.

दार उघडून सिस्टर बाहेर आली. "नऊ नंबरचं माणूस कोण?"

कुणी उठलं नाही. मास्तरांची बायको वारलेली, मूल नाही, भाऊ लांब अहमदनगरला.

"नऊ नंबरचं माणूस. सही राहिलीय. नसेल तर केस उद्यावर जाईल."

मी उठले. विचार करून नाही. दुसरं कुणी उठलं नाही म्हणून.

सिस्टरने फॉर्म पुढे केला. तो मीच जुळवला होता. 'रुग्णाशी नाते' याच्यापुढची टिंबंसुद्धा माझ्या हातची.

"मुलगी?"

"नाही."

"सून?"

"नाही. छापखान्यात असतो मी."

"मग लिहू काय इथं?"

"द्या. मी लिहितो."

सही केली. सिस्टरने घाईने फॉर्म ओढला आणि आत तोंड करून ओरडली, "डॉक्टर, घ्या. नऊ नंबरचं माणूस आलंय."

आलंय.

मी साडीत. हातात बांगड्या, डोक्यावर पदर. तिने मला डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाली, आलंय. आला नाही, आली नाही. त्या बोळात पन्नास माणसं होती, एकालाही ते चुकीचं वाटलं नाही. मी सिस्टरला ढकलून आत शिरले.

"ओ बाई, कुठं?"

"सर," मी चाकाच्या खाटेची दांडी धरली. "सर, माझं माणूस आज येतंय."

मास्तरांनी चष्म्याशिवायचे डोळे बारीक केले. ओठ हलले. माझं माणूस आज येतंय. मग ते हसायला लागले, आवाज न करता, सगळी खाट हलेपर्यंत.

"हसवू नकोस गं. घालायच्या आधीच टाके सुटतील."

"आणि पुढचं वाक्य बदलावंच लागत नाही. 'त्याला तोंडावर सांगणार' असं आहे ना? माणसाला त्यालाच म्हणायचं. वाचणारा म्हणणार, बुवा. आपण खोटं कुठं बोललो?"

"पेन्सिल," मास्तर म्हणाले.

सिस्टर कपाळाला हात लावून उभी. मी प्रूफ त्यांच्या छातीवर धरलं. चाचपडत, वाकड्या अक्षरात त्यांनी माझ्या वाक्यात एक शब्द घातला. रक्ताचं.

"नुसतं माणूस म्हणजे नोकरही होतं. इस्टेटीला रक्त लागतं. माझं रक्ताचं माणूस आज येतंय." मग त्याच कागदाच्या समासात आणखी काहीतरी खरडलं आणि घडी करून माझ्या हातात कोंबली. "किती वाजले?"

"पावणेअकरा."

"मग इथं काय करतेस? पळ."

"आता हे हलणार नाही इथनं," सिस्टर म्हणाली. "सही केलीय. रक्त लागलं, औषध लागलं तर कुणाला हाक मारू मी?"

तिचं बरोबर होतं. मी बाकावर बसले. आत मास्तर, तिकडे मशीन. छापखान्यात निरोप पाठवायला कुणी नाही, आणि फोन अण्णांच्या कपाटात कुलूपबंद. अकरा वाजले. आतला लाल दिवा लागला. सव्वाअकरा. मी उठले आणि थेट सिस्टरपुढे जाऊन उभी राहिले.

"किती वेळ चालेल?"

"तासभर तरी."

"मी पाऊण तासात येतो. मी नाही आलो तर उद्यापासून मला या दारात उभं करू नका."

"बाई, तुमचं माणूस आत आहे."

"म्हणूनच जातो. त्यानंच सांगितलंय."

चप्पल हातात घेऊन पळाले. किल्ल्याच्या रस्त्याने, तंतुवाद्यवाल्यांच्या दुकानांपुढून, बैलगाडीखालून जायचं तेवढं बाकी राहिलं. छापखान्याच्या दारात पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस. फर्मा मशीनवर. अण्णा खुर्चीत.

"मिळालं?"

मी थेट फर्म्याकडे गेले. चिमटा उचलला. चाचांनी न सांगता फर्मा आवळून धरणारी खुट्टी सैल केली. 'माझा मामेभाऊ' आणि 'येतोय' उपटून काढलं, एकेक खिळा. नवं वाक्य लांब, ओळीत मावेना. त्याच ओळीत पुढे मास्तरांचं 'समजलात ना वकीलसाहेब' होतं. ते सगळं काढलं. बसलं. पुन्हा एका बाजूने रेटून बघितलं, हलेना. खुट्टी आवळली.

"आता वाचून दाखव," अण्णा म्हणाले. "बसलं म्हणजे काय बसलं ते मला कळू दे."

"मी नाही. चाचा वाचतील."

चाचांनी एक ताव काढला, उजेडात धरला. शाई ओली. 'माझं रक्ताचं माणूस आज येतंय. त्याला तोंडावर सांगणार, तुला छदामही मिळणार नाही.'

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दोन दिवसांपूर्वी मीच त्यांना ओरडून सांगितलं होतं की बाई आहे. चाचांनी कपाळाला आठी घातली.

"ह्या रक्ताच्या माणसाला बटलर ओळखत असणार," ते म्हणाले. "कप्तान आहे तो. मिशीवाला. बटलर नि कप्तान मिळून मारतात."

"चाचा, मी बुधवारी काय म्हटलं होतं?"

"काय?"

"बाई आहे म्हणून."

चाचांनी पुन्हा वाचलं. बोट ओळीवरून फिरवलं. "इथं कुठं बाई आहे?"

अण्णांनी सुपारी थुंकली. "चालू कर मशीन," ते म्हणाले.

अकरा चोपन्न. मी चाचांची सायकल घेतली, विचारलंही नाही. दवाखान्याच्या जिन्यावर असतानाच वरून हाक ऐकू आली, "नऊ नंबरचं माणूस. अहो, कुठं गेलं नऊ नंबरचं माणूस?"

"आलं," मी जिन्यातून ओरडले. "आलं, आलं."

मास्तर बाहेर आले होते. शुद्धीवर येत होते. पहिला शब्द बोलले तो सिस्टरला कळला नाही. मला कळला. "बसलं?"

"बसलं, सर."

पुस्तक निघालं. गावातल्या लोकांनी कप्तानावर पैजा लावल्या, बटलरवर लावल्या, एका वकिलाने आंधळ्या मालकिणीवर लावली. मिस पेलवर कुणीच नाही. चाचांनी शेवटचा फर्मा छापताना वाचला, मशीन बंद केलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णांनी शब्द पाळला. फक्त आतलं पान जुळवताना ते मागे येऊन उभे राहिले आणि हळू म्हणाले, "बाई, अख्खं नाव घातलंस तर लोकांना ती नोटीस आठवेल. तुझ्या भल्याचं सांगतो." माझ्या हातात तेव्हा 'जु' होता. मी तो परत कप्प्यात टाकला. 'रूपांतर: शांतवन रणभिसे. साहाय्य: मं. तिवडे.' तिवडे माझ्या बापाचं आडनाव. तो भित्रेपणा माझा, त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही.

मास्तर एकोणीसशे एकोणऐंशीत गेले. तेव्हाही बोळात तीच हाक आली आणि तेव्हाही मीच उठले.

आता तुमची टीप. माझ्यासमोर आहे. 'माझं रक्ताचं माणूस आज येतंय, या एका वाक्यात रणभिसे यांच्या विद्वत्तेचा कळस दिसतो. मूळ आवृत्तीत साहाय्यक म्हणून आलेले "मं. तिवडे" हे नाव मुद्रणदोष असावा, अशा कोणा लेखकाचा शोध लागत नाही. प्रस्तुत आवृत्तीत तो दोष दुरुस्त केला आहे.'

दोष दुरुस्त केलात. नऊ वर्षं मी लोकांचे दोष दुरुस्त केले आणि तुम्ही माझा केलात. शोध कुठे घेतलात? ग्रंथालयाच्या कपाटात. छापखान्यात एक चक्कर मारली असतीत तर चाचांच्या मुलाने माझ्या घरापर्यंत आणून सोडलं असतं. पण खिळे जुळवणाऱ्या हाताला वाक्य सुचतं हे तुमच्या हिशेबात बसत नाही, जसं त्या पोलिसांच्या हिशेबात पत्रं वाचणारी बाई बसत नव्हती. सातांमध्ये ती होती. समोर होती. तुम्ही मोजलीच नाही.

मास्तरांनी त्या प्रूफच्या समासात काय खरडलं होतं ते मी त्या दिवशी संध्याकाळी वाचलं. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. अक्षर वाकडं आहे, चष्मा नव्हता. लिहिलंय: 'रक्ताचं माझं. माणूस मंजुळाचं. शां. र.'

छापील उत्तर हवंय मला, त्याच पुस्तकात, त्याच टायपात, अख्ख्या नावानिशी. मी दारात उभी आहे. बाहेर या आणि मोठ्याने विचारा, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं: त्या वाक्याचं माणूस कोण?